टेकाडावरची ब्रिजिदा

फार वर्षांपूर्वी, खाडीवर फिरंग्यांचा अंमल होता तेव्हा, करंजगावच्या टेकाडावर ख्रिस्ती संन्यासिनींचा मठ होता. आत गेलेली बाई मेल्यावरही बाहेर येत नसे. फिरंगी घरच्या मुली प्रार्थनेला बसत, गावातल्या पोरी भांडी घासत. ब्रिजिदा खालच्या कोळीवाड्यातली. आईने नवस फेडायला तिला लहानपणीच मठात दिलं होतं.

तिथे तिला जीव लावणारी एकच, लिओनोर नावाची फिरंगी सिस्टर. मठाच्या प्रमुख मदरची नजर चुकवून ती ब्रिजिदाशेजारी तांदूळ निवडायला बसायची. दोघी एकमेकींची भाषा तशाच शिकल्या, असं म्हणतात.

एके वर्षी गावात देवीची साथ आली. शेजारी शेजाऱ्याला दार उघडेना. मदरनेही मठ बंद करून घेतला. एका सकाळी ब्रिजिदाची आई दाराबाहेर येऊन बसली. अंगभर फोड. तिने मागितलं काहीच नाही, नुसती लेकीला हाक मारत राहिली.

ब्रिजिदाने मदरचे पाय धरले. मदर वाईट नव्हती, पण आतल्या साऱ्याजणींचा जीव तिच्या पदरी होता. ती म्हणाली, "जा. पण मग हे दार तुझ्यासाठी पुन्हा उघडणार नाही."

ब्रिजिदा गेली. दुपारीच आईने तिच्या मांडीवर प्राण सोडला. तिला माती देऊन ब्रिजिदा घरोघरची दारं ठोठावू लागली. ज्याच्या कपाळावर तिचा हात पडे, त्याचा दाह उतरे, असं म्हणतात. तो सगळा दाह तिच्याच अंगात साठत गेला, असंही म्हणतात.

शेवटी तीही फोडांनी भरली. कशीबशी टेकाड चढून मठाच्या दाराला टेकली. आतून लिओनोरने मदरची विनवणी केली. किल्ली मिळाली नाही.

"राहू दे," ब्रिजिदा बाहेरून म्हणाली. "तू नुसती बोलत राहा."

लिओनोर कोळ्यांच्या बोलीत बोलत राहिली. पलीकडून हुंकार येईनासा झाला, तरी थांबली नाही. आणि तेव्हा कुठे कुलूप आपोआप गळून पडलं. मग किती सुतार, लोहार आले, पण त्या दाराला अडसर कधी बसला नाही. कोळ्यांनी ब्रिजिदाला उचललं, लिओनोर त्यांच्यामागून चालत गेली. मठात ती परतली नाही.

आता तिथे नुसत्या भिंती उरल्यात. पण करंजगावात कुणीही वारलं, मग त्याला पुरायचं असो की जाळायचं, वाटेवरचं प्रत्येक घर दार उघडं टाकतं. पोचवायला गेलेली माणसं परतेपर्यंत कुणी कडी घालत नाही. का, म्हणून विचारलं, तर बायका हळूच सांगतात, "ब्रिजिदा जातेय."