भोपळ्याला बांधलेला नांगर

गंभीरराव राजांची नाव वाहून गेली, आणि तीसुद्धा राजे आत वामकुक्षी घेत असताना. डोळे उघडून बघतात तो नाव पैलतीरच्या राज्यात, चिखलात रुतलेली, आणि चहूबाजूंनी म्हशी रवंथ करत त्यांच्याकडे बघतायत. पैलतीरच्या राजांनी निरोप धाडला, "येणार हे आधी कळवलं असतं, तर म्हशी धुऊन ठेवल्या असत्या."

हा बोल राजांच्या काळजात माशाच्या काट्यासारखा अडकला. ना गिळवे, ना काढवे.

आता नाव वाहिली कशानं? सहलीची नाव ती, मोराच्या तोंडाची. तिला काळा लोखंडी नांगर शोभत नाही म्हणून राजांनीच चांदीच्या मुलाम्याचा नाजूकसा नांगर घडवून घेतला होता. नाव चालवणारा हाशा तांडेल तेव्हाच म्हणाला होता, महाराज, हा गळ्यात घालायला बरा, पाण्यात टाकायला नाही. पण राजाची चूक राजाकडे कधी राहते का? ती उतारावरच्या पाण्यासारखी खाली खाली येते. आली, आणि हाशापाशी थांबली.

राजे म्हणाले, "पुनवेला मी नावेवर येईन. तोवर नवा नांगर हवा. मी एका हातानं टाकणार, एका हातानं काढणार. साऱ्या राज्यानं ओढलं तरी नाव तसूभर हलता कामा नये. आणि नांगर नावेवर ठेवलेला दिसता कामा नये, माझ्या मोराची शोभा जाते. नाही जमलं, तर तांडेला, बिऱ्हाड उचल आणि ही खाडी सोड."

मग दरबारात नांगरांचा बाजारच भरला. खजिनदारानं भरीव सोन्याचा आणला. राजांनी एका हातानं उचलला मात्र, खांदा निखळला आणि राजवैद्यांचं भाग्य उजळलं. दिवाण बापूपंतांनी दोन जुन्या तोफा वितळवून नांगर ओतवला. तो नावेवर चढवला तर मोराची चोच पाण्यात बुडाली, जणू मोर पाणी पितोय. जोशीबुवा म्हणाले, नांगर हवाच कशाला, मी मंतरलेला ताईत बांधतो. ताईत बांधलेली नाव ओहोटीबरोबर निघाली ती थेट पैलतीराला. बरं झालं, त्या वेळी आत जोशीबुवाच होते.

इकडे हाशाच्या घशाखाली घास उतरेना. पोर त्याची आवडी, आईविना वाढलेली, जिभेनं तिखट. ती म्हणाली, "बा, जेव. खाडी सोडायचीच असली तर उपाशी कशाला सोडायची?"

हाशा म्हणाला, "खाडी सुटली तर आपण कोळी कसले गं?"

खरं तर निम्मी खाडी मागल्या वर्षीच सुटली होती. पाण्याच्या तळात ताडाचे मोठमोठे खुंट रोवायचे आणि भरती-ओहोटीत त्यांना डोल जाळी बांधायची, ही कोळ्यांची वहिवाट. पण राजांना सज्जातून ते खुंट दिसले आणि म्हणाले, खाडी दातपडक्या म्हातारीच्या तोंडासारखी दिसते, काढून टाका. दिवाणांनी सगळे खुंट काढल्याची वर्दी दिली आणि वर शालजोडी मिळवली. जाळी सुटली, म्हणून तर हाशा राजांची नाव हाकत होता.

आवडी बराच वेळ पाण्याकडे बघत बसली. मग एकाएकी हसली. अमावास्येला मोठी ओहोटी लागली तशी काथ्याचा दोर आणि एक वाळका भोपळा घेऊन ती होडीत बसली. काय केलं ते बापालाही सांगितलं नाही.

पुनवेला राजे नावेवर चढले. दोन गलबतांत सारा दरबार तमाशा बघायला. आवडीनं बापाला नाव खाडीच्या मधोमध आणायला लावली. तिथं पाण्यावर भोपळा डुलत होता.

राजे म्हणाले, "हा नांगर? याची तर भाजी होते."

"ही नुसती मूठ आहे, महाराज. उचला."

राजांनी दोन बोटांनी भोपळा उचलला. त्याच्या दोराला फास होता, तो मोराच्या गळ्यात अडकवला. राजांनी हुकूम सोडला, दोन्ही गलबतांनी नाव ओढा. वल्ही वाकली, दोर करकरला, खजिनदाराची पगडी पाण्यात गेली. नाव जागची हलली नाही. दिवाणजी मात्र आजूबाजूला बघून पांढरेफटक पडले. जागा त्यांच्या ओळखीची होती.

राजे थक्क झाले. नांगर कुणी केला म्हणून विचारलं.

"माझ्या आज्यानं, महाराज. आणि पारख केली दिवाणजींनी. दोराचं खालचं टोक बांधलंय तो त्यानं रोवलेला खाडीतला मधला खुंट. बाकीचे निघाले, हा निघेना. दिवाणजींनी गलबतं लावली, किनाऱ्यावरून हत्ती लावला, आम्हा कोळ्यांनाही जुंपलं. शेवटी ओहोटीला वरचा भाग करवतीनं कापला, खालचा बुंधा राहू दिला, आणि बोलाल तर जीभ छाटीन म्हणाले. तुमच्या साऱ्या राज्यानं ओढून बघितलेला नांगर आहे, महाराज."

राजांचे डोळे लाल झाले. "दिवाणजी, सगळे काढले म्हणाला होतात."

"म्हणजे, महाराज, दिसेनासे तर झालेच होते..."

राजांचा हात तलवारीकडे गेला. आवडी म्हणाली, "दिवाणजींवर रागावू नका, महाराज. त्यांनी तुमचा हुकूम पाळला असता, तर आज तुम्हाला नांगर कुठला?"

राजांनी तिच्याकडे पाहिलं, दिवाणांकडे पाहिलं, आणि असे हसले, असे हसले की नाव गदगदा डुलली. पण वाहिली नाही!

"माग पोरी, काय हवं ते माग."

"एकट्या खुंटाला करमत नाही, महाराज. त्याचे भाऊबंद परत रोवू द्या."

राजांनी दिलं. हाशाची खाडी राहिली. पहिला ताडाचा सोट खांद्यावर वाहून आणायचं काम दिवाणजींना मिळालं, शालजोडीसकट. सोन्याचा नांगर आवडीला मिळाला.

आणि संध्याकाळी राजांनी पैलतीराला निरोप धाडला, "आता आमचं येणं व्हायचं नाही. म्हशींना म्हणावं, वाट बघू नका."