वैद्यबुवांची तिसरी भाकरी

नव्वदी ओलांडूनही स्वतः औषधे कुटणारे एक वैद्य होते. भूक थोडी शिल्लक असतानाच ते पानावरून उठत. त्यांच्या शिष्याने ते बरोबर हेरले. त्याचे वडील खाण्याच्या अतिरेकाने पंचेचाळिशीतच गेले होते, आणि तेव्हापासून मरणाच्या धास्तीने त्याची पाठ सोडली नव्हती. दीर्घायुष्याची किल्ली हाती लागली असे समजून पठ्ठ्याने आहार आठ घासांवर आणला. गुरू दोन घास आधी थांबत, हा तर बसल्या बसल्याच उठे! वर्षभरात त्याची हाडे वर आली, नाडी पाहताना बोटे थरथरू लागली. गुरूंनी दोनदा टोकले, पण ऐकतो कोण?

एके दिवशी म्हाळसाबाई नावाच्या म्हातारीने दोघांना जेवायला बोलावले. सहा महिने अंथरुणाला खिळलेली ती वैद्यांच्या औषधाने उठली होती आणि त्या दिवशी प्रथमच चुलीपाशी बसली होती. आठ घास होताच शिष्याने पानावर आडवा हात धरला.

"आमटी जमली न्हाई का रं?" तिने विचारले.

"पोट भरलं," तो खोटेच म्हणाला.

वैद्यांनी मात्र तिसरी भाकरी मागून घेतली आणि वर आमटी ओरपली.

वाटेत शिष्याला राहवेना. "गुरुजी, आज आपण नियम मोडलात!"

वैद्य हसले. "अरे, पोट हलकं राहिलं की हात चालतो, रोग्याकडे लक्ष लागतं, म्हणून मी बेताने जेवतो. त्याने आयुष्य वाढलं असेल, तर देवाची कृपा. पण सहा महिन्यांनी उठलेल्या बाईच्या हातची भाकरी रोज मिळते का? आपण बऱ्या झालो, हे तिला आज माझ्या पानात दिसत होतं. असं पान वाट्याला यावं, म्हणून तर जगायचं. तू अन्न कमी केलंस आणि भीती पोटभर खातोस. तिनेच तुला तिशीत म्हातारं केलंय."

शिष्याचे डोळे भरून आले. गुरूंचा निरोप घेऊन तो तसाच माघारी वळला. म्हाळसाबाई उरलेले अन्न झाकून ठेवत होती.

"आजी, मघाशी खोटं बोललो. भूक आहे. वाढता का?"

"बस की रं लेकरा," म्हणत तिने तवा पुन्हा चुलीवर चढवला.

तो सावकाश, चवीने जेवला. तृप्त होताच थांबला आणि म्हातारीच्या पायांवर डोके ठेवले. पुढे किती वर्षे मिळतील, हा प्रश्न त्या दिवशी त्याला पडलाच नाही. मिळालेल्या वर्षांचे आभार मानायचे राहून गेले होते, तेवढे मात्र त्याने मनापासून मानले.