स्टिअरिंगची भेग

एकदा एका वृद्ध मिस्त्रींनी आपल्या शिष्याचं तीन दिवसांचं काम त्याच्या डोळ्यांदेखत करवतीच्या पात्याने फोडलं. याला काय शिकवणं म्हणायचं? पण ऐका तर खरं.

शिष्याचं नाव भालचंद्र, वय चाळीस. त्याचे वडील आप्पा चार वर्षांपूर्वी वारले. त्यांची जुनी मोटार अंगणात उभी होती. उन्हाने स्टिअरिंगला भेगा गेल्या होत्या. थोरला भाऊ त्या दिवशी चार वाजता मोटार न्यायला यायचा होता, आणि लगेच ती घेऊन घाट उतरणार होता. आप्पा गेल्यापासून दोघा भावांत 'बरा आहेस ना? चहा घेतोस?' यापलीकडे बोलणं नव्हतं. आज तरी दादा मोकळेपणाने बोलेल, या आशेने भालचंद्रने भेगांत पुट्टी भरली, घासली, वर काळा रंग चढवला. स्टिअरिंगचं चाक कसं लखलखत होतं!

मिस्त्रींनी त्यावरून नख फिरवलं आणि पातं उचललं.

"अहो मिस्त्री, काय करताय! साडेतीन वाजले!"

म्हातारा ऐकेल तर शपथ. केसाएवढी भेग त्यांनी गव्हाच्या दाण्याएवढी रुंद केली. आतली लोखंडी सळई दिसली, ती गंजली होती.

मिस्त्री म्हणाले, "अरुंद भेगेत पुट्टी उतरत नाही, वरच्यावर बसते. घाटात जोर लागला की सुटते. म्हणून आधी भेग सळईपर्यंत उघडायची, गंज खरवडायचा, मगच भरायची. तू ती नुसती झाकलीस, बाबा."

तेवढ्यात फाटक वाजलं. दादा आला. चाकाची दशा पाहून त्याने विचारलं, "झालं नाही वाटतं?"

'चहा घेतोस?' हे नेहमीचं वाक्य भालचंद्रच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं.

"दादा, आप्पा गेले त्या दिवशी डॉक्टरांनी मला सकाळीच सांगितलं होतं, की आजचा दिवस निघणार नाही. तुला फोन मी दुपारी केला. मुद्दाम. शेवटी त्यांच्याजवळ मी एकट्यानेच असावं, असं वाटलं मला."

दादाने हातातली पिशवी आपटली. "भाल्या! अरे, चार वर्षं मी स्वतःला दोष देतोय, की मीच उशिरा निघालो!"

तो पायरीवर बसून ढसाढसा रडला, मग तावातावाने बोलू लागला. भालचंद्र ऐकत राहिला, रडला, उलट बोललाही. मोटार त्या दिवशी हलली नाही. दिवेलागणीपर्यंत दोघे भाऊ मनसोक्त भांडत होते, आणि खाली मान घालून गंज खरवडणाऱ्या मिस्त्रींना त्याचं फार समाधान वाटत होतं.