माळावरच्या सशाचं घर

माळाच्या कडेला गुंजा नावाची चिमुरडी आपल्या आईसोबत राहायची. मायलेकी गवत कापायच्या, भारा गावात विकायच्या, तेव्हा कुठे चुलीवर तवा चढायचा. त्या वर्षी मात्र गवतच उरलं नव्हतं. कुणीतरी हौसेने पाळलेले पांढरे ससे कंटाळून माळावर सोडून दिले होते. त्यांनी बिळं खणली, पोरंबाळं वाढवली आणि गवत पार मुळापर्यंत कुरतडलं. उंच गवताचा एकच सोनेरी तुकडा उभा होता.

"तेवढा काप गं, मी दोर घेऊन येते," आई म्हणाली आणि घराकडे गेली.

गुंजाने विळा टेकवला, तर बुडाशी सशाचं एक इवलंसं तपकिरी पिल्लू! मुठीएवढं, मखमली, डोळे काळ्याभोर मण्यांसारखे. एकटंच गप्प बसलेलं. वर निळ्या आभाळात घार फिरत होती.

"तुझी आई तुला टाकून गेली होय रे? चल, पांढऱ्या सशांच्या बिळात ठेवते तुला." तिने त्याला ओंजळीत उचललं.

"थांब, वेडाबाई!"

गवताच्या तुऱ्यावर एक परी झोके घेत होती. जेमतेम नाकतोड्याएवढी. पंख पिवळेधमक, केसांत लुकलुकणारे दवबिंदू.

"अगं, हा माळाचा ससा. हा बीळ करत नाही, गवत हेच याचं घर. कुणाला पिलाचा माग लागू नये म्हणून त्याची आई दिवसभर लांब राहते. सांजावलं की दूध पाजायला येते. बिळात ठेवलंस तर तिला ते सापडायचं कसं?"

गुंजाने जीभ चावली. पिल्लू अलगद जागेवर ठेवलं. "पण हे गवत कापलं तर?"

"तर घार उचलेल त्याला. एक इच्छा माग, पण दोन अटी आहेत. कुणाचं घर जाता कामा नये. आणि जे मागशील, त्यातलं थोडं आधी तू द्यायचं."

"पांढरे ससे नाहीसे कर!"

"पहिली अट काय होती?"

बिळाच्या तोंडाशी एक पांढरं पिटुकलं पिल्लू गुलाबी नाक हलवत होतं. गुंजाला हसू आलं. "तेही बिचारं आपणहून थोडंच आलंय! मग सगळ्यांना पुरेल एवढं गवत दे. खायला आणि लपायलाही."

"आणि तू काय देशील?"

गुंजाने सोनेरी तुकड्याकडे पाहिलं. हे कापलं नाही तर आज भाकरी नाही. तिचे डोळे भरून आले. तिने विळा खाली ठेवला. "हे नाही कापणार."

परीने टाळी वाजवली. तुऱ्यांतून चंदेरी बी उडालं, रुणझुणत माळभर पसरलं. बिळांभोवती कोवळी पोपटी हिरवळ उगवली आणि पलीकडे पार टेकडीपर्यंत कमरेएवढं गवत डुलू लागलं!

आई आली ती बघतच राहिली. "अगं बया! एवढ्याला माझा दोर कसा पुरायचा? आणि हा तुकडा का सोडलास?"

"आये, तिथं बाळ निजलंय."

"मग हळू बोल की!" आई कुजबुजली.

मायलेकींनी लांबच्या कडेचं गवत कापून भारे बांधले. ऊन कलल्यावर लांब कानांची तपकिरी सशीण दबक्या पावलांनी आली आणि गवतात शिरली. पिल्लू चुटुचुटु दूध पिऊ लागलं. गुंजाचा जीव भांड्यात पडला.

तेव्हापासून त्या माळावर गवत कापताना मधला एक तुकडा उभाच ठेवतात.

"शहाणी गं माझी बाय," त्या सांजेला तुऱ्यावरून परी म्हणाली. मावळत्या उन्हात तिचे पंख लखलखले, आणि बघता बघता ती त्या सोनसळी उजेडात विरून गेली.