गेनूची होडी आणि निळी रेघ

एका खाडीकाठच्या गावात एक भोळा घरजावई होता. नाव गेनू. जन्म माळावरचा, त्यामुळे पाण्याशी ओळख आंघोळीपुरती. बायको चांगुणा मात्र कोळ्याची लेक. नारळी पौर्णिमेला पहिला नारळ आपल्या होडीतून सोडायचा मान तिने यंदा गावकीशी भांडून मिळवला होता. अट एकच, दुपारच्या भरतीला होडी पाण्यात हवी. नाहीतर मान शेजाऱ्यांना.

नवी होडी डोंगरापलीकडे सुताराकडे होती. चांगुणाने गेनूच्या फोनवर नकाशा लावून दिला.

"होड्या उतरवायचा सरकारी उतार यात आहे. निळं दिसेल ते पाणी. तिथे होडी सोडा. आपलं डोकं चालवू नका."

गेनूने चालवलं नाही. होडी भाड्याच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवून त्याने फोन पाहिला. निळा पट्टा थेट ट्रॅक्टरच्या चाकाखालून निघाला होता.

"नामा, पाणी आलं," तो ट्रॅक्टरवाल्याला म्हणाला. दोघांनी होडी डांबरी रस्त्यावर सोडली. गेनू आत बसून वल्ही मारू लागला. मागे एसटी खोळंबली.

त्याने चांगुणाला फोन लावला.

"अहो, निळी रेघ म्हणजे रस्ता. रेघ संपते तिथे पाणी."

होडी परत ट्रॉलीवर चढली. घाटात रेंज गेली. रेघही गेली.

"संपली," गेनू म्हणाला. होडी सोडली. ती घसरत गेली आणि खालच्या वाडीत गवताच्या गंजीत घुसली. तिथे रेंज आली, तसा त्याने पुन्हा चांगुणाला फोन लावला.

"अहो, आधी हात घालून बघा. ओला झाला तरच सोडा. आणि सोडली की सगळ्यात मजबूत काय ते बघून घट्ट बांधा. सुटली तर मान गेला."

होडी पुन्हा ट्रॉलीवर चढवून गेनू घोकत निघाला. शेवटी फोन म्हणाला, "तुम्ही पोहोचलात." खरोखरच सरकारी उतार. भरती आलेली. गेनूने हात घातला. ओला. खात्रीसाठी चाटला. खारट. होडी पाण्यात सोडली, दोर घेतला आणि इकडेतिकडे पाहिलं. धक्क्यावरचा खांब गंजका, वाकलेला. गेनूने त्याहून मजबूत काय ते शोधलं आणि सात गाठी मारल्या.

धक्क्यावर गावकीसोबत वाट पाहणाऱ्या चांगुणाला भरून आलं. गावकीची म्हातारी माणसं, पुजारी आणि ती स्वतः होडीत बसली. पुजाऱ्याने नारळ उचलला.

इकडे नामाची म्हैस दोहायची राहिली होती. त्याने ट्रॅक्टर चालू केला.

होडीला असा हिसका बसला की नारळ उडून खाडीत पडला. म्हणजे मान तेवढा राहिला. होडी मात्र पुजाऱ्यासकट उतार चढून भर बाजारातून निघाली. चांगुणा आतून हाका मारत होती.

गेनू शेजारून पळत म्हणाला, "घाबरू नकोस. सात गाठी आहेत. सुटायची नाही."