शोरूममधले पोपट

मिरजेच्या श्रीपालशेठ चौगुल्यांच्या शोरूममध्ये नवा एट-के टीव्ही आला आणि शेठचे पाय जमिनीला लागेनात. त्याच्या पडद्यावर दिवसभर पोपट उडायचे. "पीस न् पीस मोजून घ्या!" असं शेठ प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे.

शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या कलावती आवटी नवऱ्यासोबत आल्या, तेव्हा शेठनी सगळ्यांदेखत विचारलं, "बाई, तुमच्या घरच्या टीव्हीवर माणसं तरी ओळखू येतात का? टाका तो भंगारात!"

नवऱ्याचा हात लगेच खिशातल्या कार्डाकडे गेला. बाईंनी मात्र पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला घरचा केबलचा बॉक्स काढला.

"आधी हा जोडा. आम्ही पोपट नाही, मालिका बघतो."

दुकानातल्या केबलच्या वायरीला बॉक्स जोडला. त्या भल्यामोठ्या पडद्यावर मालिकेतली सासू ओल आलेल्या भिंतीसारखी दिसू लागली.

शेठ गडबडले. "अहो, केबलचं चित्रच पुसट येतंय. त्यात बिचाऱ्या टीव्हीचा काय दोष?"

"हेच मी ह्यांना वर्षभर सांगतेय," बाई बॉक्स गुंडाळत म्हणाल्या. "मग आमचा बिचारा भंगारात का टाकायचा?"

मागे उभी असलेली दोन गिऱ्हाइकं घरी गेली, आपापला बॉक्स आणायला.