किल्लीचा दुसरा तुकडा

"तुमच्याकडचा तुकडा देताय की नाही, बाई?"

श्रीरंग मोहोडने दारातूनच विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही. राग नाकाच्या शेंड्यावर.

देवस्थळी बाई त्याच्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक. त्यांनी चष्मा काढला. "कशाला?"

"एक उत्तर उघडायचंय. एकच."

या पठ्ठ्याने वर्षानुवर्षं एकाच गोष्टीसाठी रक्त आटवलं होतं. माणसांची उत्तरं बंदच ठेवायची आणि बंद असतानाच त्यांची बेरीज करायची. एका मोठ्या इस्पितळातल्या नर्सेसना मोबाइलवर प्रश्न गेला होता: वरिष्ठ डॉक्टरांपैकी कोणी तुमच्या अंगाला हात लावलाय का? उत्तर कोणी पाठवलं ते दिसे, काय पाठवलं ते दिसत नसे. उघडायच्या किल्लीचे दोन तुकडे केलेले, एक त्याच्याकडे, एक बाईंकडे. दोघांनी मिळून फक्त बेरीज उघडायची, हा नियम त्याचाच. प्रत्येक नर्सला त्याने तसा शब्द दिला होता.

आज सकाळी दोघांनी बेरीज उघडली. निम्म्याहून जास्त "हो".

आणि त्याची सख्खी बहीण, वृंदाताई, त्याच इस्पितळात नर्स होती.

"वृंदाला विचारलंस?"

"विचारलं. म्हणाली, जेवून घे."

"मग?"

"मग काय मग! फोडून काढीन एकेकाला. पण आधी मला कळायला नको? माझी बहीण आहे ती!"

"उत्तर तिचं आहे."

"पद्धत माझी आहे! मी बांधलीय ती!"

बाईंचाही आवाज चढला. "बांधलीस म्हणून मालक झालास? त्या बायका तुझ्या भरवशावर पहिल्यांदा खरं बोलल्यात, श्रीरंग. लाज वाटू दे जरा!"

"लाज त्या डॉक्टरांना वाटू दे!"

तो ओरडला खरा, पण आवाज फाटला. डोळे भरून आले, आणि त्याचाही त्याला संताप आला.

बाई उठल्या.

कपाट उघडून त्यांनी एक पेन ड्राइव्ह काढला आणि टेबलावर त्याच्यापुढे ठेवला. किल्लीचा दुसरा तुकडा त्यातच होता.

श्रीरंगने हात पुढे केला.

"घे. पण आधी वृंदाला फोन लाव. सांग तिला, ताई, मी तुझं उत्तर वाचतोय."

त्याने फोन काढला. ताईचं नाव समोर आणलं. अंगठा तसाच अधांतरी...

"लाव ना!"

"नको, बाई..." त्याचा आवाज एकदम खाली आला. "तिला कळता कामा नये."

"अस्सं! म्हणजे लपवायचं असलं की कुलूप तुलाही लागतं."